डॉन म्हणजे किती वाजता?

कारल्याच्या बीजोत्पादनाचं पुस्तक अकरा पानी होतं आणि सगळं इंग्रजीत होतं. खेडकर साहेबांनी ते धनश्रीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "यातलं कामाचं तेवढं एका पानावर मराठीत उतरव. शेतात काम करणाऱ्या बायकांना वाचून दाखवता आलं पाहिजे."

धनश्री राहुरीजवळच्या बेलापूर गावची. राहुरीच्या विद्यापीठातून शेतीची पदवी घेऊन ती एका बियाणे कंपनीत खेडकर साहेबांच्या हाताखाली लागली होती, त्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. संगमनेरात खोली घेऊन राहायची आणि स्कूटीवरून आसपासच्या गावांतले प्लॉट बघत फिरायची. तो कागद तिने एका बैठकीत पुरा केला. एकच शब्द जरा अडला. फुलांचं परागीकरण 'डॉन'ला करावं, असं पुस्तकात होतं. तिने मोबाईलवर अर्थ बघितला. समोर एकच शब्द आला, पहाट. तिने 'पहाटे' असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली.

नऊ गावांत तो कागद वाटला गेला.

त्यातल्या प्रवरेकाठच्या एका गावात गहिनीनाथ गुंजाळांनी दहा गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, पहिल्यांदाच बियाण्याचं कारलं लावलं होतं. एरवी त्यांच्याकडे ऊस, कांदा आणि जनावरांपुरता घास असायचा. गहिनीनाथ शेतकरी खरे, पण बावीस वर्षं त्यांनी गावाच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर नोकरीही केली होती. घड्याळ बघून मोटार चालू करायची, घड्याळ बघून बंद करायची, हे अंगात पुरतं मुरलेलं. धनश्रीने दिलेला कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेडनेटच्या दाराला तारेने बांधला. मग चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"म्याडम, पहाटे म्हंजे किती वाजता?"

धनश्रीने क्षणभर विचार केला. पहाट म्हटलं की तिला बेलापूरचं घर आठवायचं. चारला आजोबा उठून काकड्याला देवळात जायचे आणि त्यांच्या पाठोपाठ आईची भांडी वाजायला लागायची.

"चार ते साडेपाच धरा," ती म्हणाली.

गहिनीनाथांनी खिशातलं पेन काढून पिशवीवरच मोठ्या अक्षरात लिहिलं, '४ ते ५.३०'.

काम करायला गावातल्या सहा बाया होत्या. काम समजायला सोपं, करायला किचकट. शेडनेटमध्ये एका बाजूला नर वेलांच्या दोन ओळी आणि बाकी सगळ्या मादी वेलांच्या. मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्यावर कागदाची छोटी टोपी चढवायची, म्हणजे मधमाशी शिरत नाही. दुसऱ्या दिवशी नर फुलं खुडून डब्यात घ्यायची, त्यातली पिवळी भुकटी मादी फुलाला लावायची, टोपी परत घालायची आणि देठाला खूण म्हणून लाल दोरा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणत. मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढं कारलं असतंच. काम जमलं तर ते चार-पाच दिवसांत फुगायला लागतं, नाही जमलं तर पिवळं पडून गळतं.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. बाया पावणेचारला घरातून निघत. कपाळाला बॅटरी, डोक्याला टॉवेल, अंगात नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना स्वेटर. दवाने वेली भिजलेल्या असायच्या आणि पानं बाजूला सारताना मनगटापर्यंत बाही ओली व्हायची. बनुबाई म्हणून त्यातली एक जाडजूड बाई होती, ती रोज दारातल्या कागदाकडे बॅटरी रोखून म्हणायची, "काय गं बया, तुला झोप न्हाई का?" सगळ्या हसायच्या आणि कामाला लागायच्या. गहिनीनाथ स्वतः चारच्या आत येऊन दारात उभे असत, त्यामुळे कुणाला कुरकुर करायला जागा नव्हती.

आठवडाभर असं चाललं. आणि कारली गळायला लागली.

आधी गहिनीनाथांना वाटलं, सुरुवातीची गळ असेल. मग एके दिवशी त्यांनी जमिनीवर पडलेली पिवळी कारली घमेल्यात गोळा केली, तर घमेलं अर्धं भरलं. त्यांनी धनश्रीला फोन लावला. ती तासाभरात आली. तिने पानं उलटून बघितली, मुळाशी ओल बघितली, खताचं वेळापत्रक विचारलं. एक फवारणी सांगितली. आठ दिवसांनी पुन्हा आली, तर गळ तशीच. वीस लाल दोरे मोजले तर त्यातल्या तीन देठांवर कारलं होतं. बाकीचे दोरे रिकाम्या देठांवर लोंबत होते.

रोग दिसत नव्हता, कीड दिसत नव्हती. राहिलं क्रॉसिंगच. तिने सहाही जणींना बोलावून उभं केलं.

"मावशी, घाई होतेय का तुमची? फूल नाजूक असतं. हात स्वच्छ धुऊन, सावकाश केलं पाहिजे. नुसता दोरा बांधून उपयोग नाही."

गहिनीनाथ मान हलवत म्हणाले, "मी तेच म्हनतोय कव्हाधरनं."

या सहा जणींत साळूबाई होती. वय पंचावन्नच्या आसपास, बारीक अंगाची, कमी बोलणारी. कांद्याचं रोप लावण्यात तिचा हात गावात नावाजलेला होता. तिने लावलेल्या वाफ्यात रोप आडवं पडलंय असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. लावणीच्या दिवसांत लोक चार दिवस आधी येऊन तिला सांगून ठेवायचे. तिला आजवर कुणी हात धू म्हणून सांगितलं नव्हतं.

घरी येऊन ती चुलीपुढे बसली, पण भाकरी थापायला घेईना. तिचा नवरा आसाराम शेळ्यांना पाला टाकून आत आला.

"काय झालं?"

"त्या पोरीनं हात धुवा म्हनून सांगितलं. आमाला."

"मंग?"

"मंग काय? दोरा बांधून उपेग न्हाई म्हनली. म्हंजे आमी नुसतं दोरं बांधितो व्हय?"

"पन कारली गळत्यात, हे तर खरं हाय ना?"

"खरं हाय."

"मंग कायतरी चुकतंच आसंल."

साळूबाईने त्याच्याकडे रागाने बघितलं, पण तो म्हणाला ते तिच्या मनातून जाईना. भाकऱ्या होईपर्यंत ती फुलांचाच विचार करत होती. तिच्या परसात कुडावर कारल्याचा एक वेल दरवर्षी असायचा. त्याला कुणी क्रॉसिंग करत नव्हतं, तरी पाटीभर कारली निघायची. काम माश्याच करायच्या. आणि माश्या कधी यायच्या? अंधारात तर येत नव्हत्या. अंगण झाडून होऊन, चांगलं दिसायला लागल्यावर यायच्या.

दुसऱ्या दिवशी चारला ती शेडनेटमध्ये गेली आणि कपाळावरची बॅटरी नर फुलावर धरून नीट बघत राहिली. फूल मिटलेलं होतं. रोजच मिटलेलं असायचं. त्या सगळ्या जणी नखाने पाकळ्या फाकवून आतला भाग मादी फुलावर घासत होत्या. साळूबाईने आतल्या भागावर बोट फिरवलं आणि बोट बॅटरीपुढे धरलं. बोटाला दवाचं पाणी होतं. पिवळं काहीच नव्हतं.

तिने कुणाला सांगितलं नाही. कागद कंपनीचा, वेळ म्याडमची, राखण गहिनीनाथांची. बोलून उगीच तोंडी लागायचं आणि आपलंच चुकलं तर सगळ्यांपुढे हसू व्हायचं. त्या दिवशी तिच्या वाट्याला कडेची शेवटची ओळ होती. तिथली चौदा फुलं तिने तशीच टोपीत ठेवली. साडेपाचला बाकीच्या जणी स्वयंपाकाला घरी गेल्या. मादी वेलांवरही थोड्या नर कळ्या येतात, त्या खुडायचं काम मागे उरायचं, ते साळूबाईने अंगावर घेतलं, त्यामुळे ती का थांबली हे कुणी विचारलं नाही.

हळूहळू आभाळ फटफटलं. जाळीच्या वरच्या बाजूने करडा उजेड आत उतरला. पूर्वेकडे तांबडं फुटलं आणि बॅटरी बंद केली तरी पानांच्या शिरा दिसायला लागल्या. साळूबाई नर वेलापाशी उभी होती. मघाशी मिटलेली फुलं एकेक करून सैल होत होती. तिने एक खुडून तळहातावर झटकलं. तळहातावर पिवळी भुकटी पडली.

चौदा फुलं तिने त्या भुकटीने केली. लाल दोरा वापरला तर ओळखू येणार नाही, म्हणून कमरेला खोचून आणलेली जुन्या लुगड्याच्या काठाची निळी चिंधी काढली, तिच्या दशा सोडवल्या आणि एकेक देठाला बांधल्या.

पुढचे दिवस ती रोज त्या ओळीत जायची. काम नसलं तरी तिकडून एक फेरी मारायची. तिसऱ्या दिवशी एक कारलं तिला जरा जाड वाटलं. चौथ्या दिवशी ते नुसतं वाटणं नव्हतं. चौदापैकी बारा कारली तरारून फुगली होती. साळूबाई घरी गेली आणि आसारामाला म्हणाली, "हात बरा हाय माझा."

"मी कुटं वाईट म्हनलो?" आसाराम म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी, टोप्या चढवायच्या वेळी, धनश्री आली. आदल्या रात्री तिला नीट झोप लागली नव्हती. खेडकर साहेबांना काय सांगायचं ते ठरत नव्हतं. ती ओळीओळीने दोरे बघत चालली होती. लाल, रिकामा. लाल, रिकामा. कडेच्या ओळीत आली आणि थबकली. एकापाठोपाठ एक गुबगुबीत हिरवी कारली, आणि प्रत्येकाच्या देठाला निळा दोरा.

"हा निळा दोरा कोणी बांधला?"

गहिनीनाथ धावत आले. "निळा? आपन दोरा लाल दिलाय. निळा आला कुठनं?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. साळूबाई हातातली टोपी खाली ठेवून पुढे आली.

"मी बांधलाय. माझ्या लुगड्याचा हाय."

"पन कशापायी?"

"ही फुलं मी दिसायला लागल्यावं केली. बाकीची अंधारात केलेली. अंधारात फूल उमलत न्हाई, भुकटी सुटत न्हाई. म्हनून खूण केली."

गहिनीनाथांचा पारा चढला. "कागदात पहाटे लिव्हलंय साळूबाई! तुमच्या मनानं वेळ बदलायची व्हय?"

"कागदात पहाट लिव्हली, ते बराबर हाय," साळूबाई शांतपणे म्हणाली. "पन पहाट लई लांबलचक असती भाऊ. कोंबडा आरवतो तवा बी पहाट, झुंजूमुंजू व्हतं तवा बी पहाट, अन् तांबडं फुटतं तवा बी लोक पहाटच म्हनत्यात. म्याडमच्या मनात कंची हुती, ते आमी इचारलंच न्हाई."

धनश्री बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि मोबाईलमध्ये ते अकरा पानी पुस्तक उघडलं. वाक्य तेच होतं. डॉनला परागीकरण करावं. या वेळी तिने इंग्रजीतलाच अर्थ शोधला. आभाळात पहिला उजेड दिसू लागतो ती वेळ, असं तिथे दिलं होतं. खाली वापराची वाक्यं होती. डॉनपासून संध्याकाळपर्यंत काम केलं. डॉन झाला आणि डोंगर दिसू लागले. शेवटी लिहिलं होतं की एखादी गोष्ट माणसाच्या हळूहळू लक्षात येते, तेव्हाही इंग्रजीत हाच शब्द क्रियापद म्हणून वापरतात. ते वाक्य नेमकं त्या वेळी वाचायला लागावं, याचा तिला रागच आला.

म्हणजे पुस्तकात अंधार नव्हताच. सगळा उजेड होता. अंधार तिने घातला होता, आणि त्याला चार ते साडेपाच असे आकडेही तिनेच लावले होते. वर बायांना हात धुवायला सांगितलं होतं.

क्षणभर तिच्या मनात आलं की वेळ फक्त थोडी पुढे सरकवली असं सांगून टाकावं. थंडी वाढली, म्हणून वेळ बदलली. कुणाला कळणार होतं? पण आत साळूबाई तशीच उभी होती, आणि गहिनीनाथ तिच्याशी अजून वाद घालत होते. धनश्री उठून आत गेली.

"काका, त्यांना बोलू नका. चूक माझी आहे."

गहिनीनाथ तिच्याकडे वळले.

"इंग्रजी पुस्तकात डॉन असा शब्द होता. मी त्याचं पहाट केलं. पण डॉन म्हणजे उजेड फुटायची वेळ. चार वाजताचा अंधार नाही."

"डॉन?" बनुबाई म्हणाली. "डॉन म्हनजे गुंडांचा म्होरक्या ना?"

"तो वेगळा. ऐकायला सारखा वाटतो, इंग्रजीत लिहायला वेगळा आहे."

"मंग ह्या डॉनला वाजत्यात किती, ते सांगा," गहिनीनाथांनी खिशातलं पेन काढलं.

"तेच तर आहे काका. ठरावीक नाही. आत्ता साडेसहाच्या आसपास, जानेवारीत आणखी उशिरा. ढग असले तर त्याहून उशिरा."

गहिनीनाथ पेन हातात धरून तसेच उभे राहिले. वेळ नसलेली वेळ ही गोष्ट त्यांना पटायला जड जात होती. शेवटी त्यांनी साळूबाईकडे बघितलं. "तुमी कसं धरलं?"

"बॅटरी बंद करून तळहात बघायचा. रेघा दिसल्या का नर फूल झटकून बघायचं. भुकटी पडली तर कामाला लागायचं, न्हाई पडली तर थांबायचं."

धनश्री साळूबाईसमोर आली. "मावशी, मी त्या दिवशी हात धुवा म्हणाले. ते मला बोलायला नको होतं."

"हात तर आमी तसं बी धुतो," साळूबाई म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं. तिच्यामागे बाकीच्याही हसल्या. बनुबाईला मात्र दुसरंच सुचलं होतं. "म्हंजे उद्याधरनं मी साडेपाचपातुर झोपू का? आधी ते सांगा."

कट्ट्यावर बसूनच धनश्रीने खेडकर साहेबांना फोन केला आणि जसं झालं तसं सांगितलं. साहेबांनी एवढंच विचारलं.

"किती गावांत दिलाय तो कागद?"

"नऊ."

"आधी तिथे फोन कर. मला नंतर."

तिने एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. पहिला लागला अकोले तालुक्यातल्या गोरक्ष नावाच्या शेतकऱ्याला. तिने विचारलं, "क्रॉसिंग किती वाजता करता?"

"सात-साडेसातला. का बरं?"

"पण कागदात पहाटे लिहिलं होतं ना?"

"कागद व्हय?" गोरक्ष जरा ओशाळला. "ताई, खरं सांगू का, त्यो वाचायचा राह्यलाय. आमच्या बाया उजाडल्याबिगर येतच न्हाईत."

दुसऱ्याच्या घरात कागद फडताळावर ठेवलेला होता. तिसऱ्याने दोन दिवस चारला काम करून बघितलं होतं आणि बायका बोंबलल्या म्हणून सोडून दिलं होतं. नऊ गावांत धनश्रीचा कागद अक्षरन् अक्षर पाळणारे एकटे गहिनीनाथ निघाले. धनश्रीला हसावं की रडावं कळेना. तिने साहेबांना परत फोन करून हे सांगितलं, तर ते मोठ्याने हसले. "आता नवा कागद कर," ते म्हणाले, "आणि या वेळी एकटीने करू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी साळूबाईच्या ओट्यावर बसून तिने नवा कागद लिहिला. आसारामाने शेळीच्या दुधाचा चहा केला. धनश्री एक ओळ लिहायची आणि वाचून दाखवायची. साळूबाई कधी मान हलवायची, कधी म्हणायची, "हे आसं कोन बोलतं?" 'परागीकरण' शब्द तिने काढायला लावला. 'पहाटे' शब्दावर दोघींनी काट मारली आणि तिथे लिहिलं, 'तांबडं फुटून तळहाताच्या रेघा दिसायला लागल्यावर. आधी नर फूल झटकून भुकटी बघावी.' खाली घड्याळाची वेळ घातली नाही. गहिनीनाथांसाठी मात्र धनश्रीने सूर्योदयाच्या वेळांचा एक तक्ता मोबाईलवर पाठवला. त्यांनी तो तालुक्याला जाऊन छापून आणला आणि दाराला लावला.

त्यानंतर शेडनेटमधलं काम वेगळंच झालं. बाया सव्वासहाला यायच्या, डोळ्यांवर झोप नसायची. एकमेकींची तोंडं दिसायची, त्यामुळे बोलणंही व्हायचं. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, ते सगळं वेलींच्या आरपार ऐकू यायचं. उजेड आला की साळूबाई सगळ्यांत आधी एक फूल झटकायची आणि "चला" म्हणायची. तिने चला म्हटल्याशिवाय कुणी डब्याला हात लावत नसे. गहिनीनाथसुद्धा तक्ता बघून घड्याळ बघायचे आणि मग साळूबाईकडे बघायचे.

गेलेले तीन आठवडे गेलेच. पण वेल तरणे होते, फुलं येत राहिली आणि डिसेंबरभर कारली लागत राहिली. ठरल्यापेक्षा बी थोडं कमी भरणार होतं. साहेब म्हणाले चालेल. पुढच्या वर्षी गहिनीनाथांनी वीस गुंठे करायचं ठरवलं आणि साळूबाईला आत्तापासून सांगून ठेवलं.

जानेवारीच्या शेवटी कारली पिकली. बियाण्याचं कारलं हिरवं तोडत नाहीत, वेलावरच पिकू देतात. ते नारिंगी होतं आणि टोकाकडून आपोआप उकलतं. शेडनेटच्या दाराशी ऊन खात सहाही जणी गोल करून बसल्या होत्या, कारली फोडून आतलं बी घमेल्यात काढत होत्या. प्रत्येक बीवर लालभडक गर होता. धनश्री त्या दिवशी वजन बघायला आली होती, ती त्यांच्यातच मांडी घालून बसली आणि फोडायला लागली.

"हा गर खाल्लाय का कधी?" साळूबाईने विचारलं.

"कारल्याचा? कडू नाही लागणार?"

"तुमी राहुरीला शिकला अन् येवढं ठावं न्हाई?" साळूबाईने एक लाल बी तिच्या तळहातावर ठेवलं. "टाका तोंडात."

धनश्रीने बी जिभेवर ठेवलं. ते चक्क गोड होतं. मऊ आणि गोड. तिचा चेहरा बघून सगळ्या हसायला लागल्या, आणि तिने घमेल्यातून आणखी दोन बिया उचलल्या.

"खावा खावा," बनुबाई म्हणाली, "पन बी तेवढं चोखून परत घमेल्यात टाका. कंपनीचं हाय."